टाकी ते टाकी

गाडी दारात आली तेव्हा ती दवाखान्यात होती आणि ठमी काचेच्या पेटीत. सात आठवडे आधीच जगात घुसलेली मूठभर पोर, नाकात नळी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून नवरा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "शून्य ते शंभर, आठ सेकंदांत." तिला वाटलं, ठमीच्या ठोक्यांबद्दल बोलतोय. तिचे डोळे भरून आले.

तीन आठवड्यांनी घरी आल्यावर खरं काय ते कळलं. पहिल्या नोकरीच्या पगारातून तिने घेतलेली चार दारांची जुनी गाडी शोरूममध्ये देऊन, वर भर घालून, नवऱ्याने ही आणली होती. दोन दारं, लाल रंग, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी. कागदांवर सही मात्र तिचीच होती. दवाखान्याच्या फॉर्मच्या गठ्ठ्यात तीही एक घेतली होती त्याने.

"तू त्या अवस्थेत, तुला कशाला त्रास," तो म्हणाला.

सासूबाईंनी गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ही बसायची आहे की पायात घालायची?" तेव्हापासून घरात गाडीचं नाव चप्पल पडलं.

"स्पोर्ट्स कार आहे, आई. आणि परवडणारी. मागे दोघं बसतात, डिकी मोठी आहे, मायलेज हिच्या त्या खटाऱ्याएवढंच देते. रोजच्या वापराची गाडी आहे."

"रोजच्या वापराची माणसं वेगळी असतात रे," सासूबाई म्हणाल्या. पण मुलगा म्हटल्यावर पुढे गप्प बसल्या.

ती गप्प बसली नाही. तीन दिवस घरात भांडी वाजली. शोरूमची एक सवलत होती: साठ दिवसांत गाडी पसंत पडली नाही तर परत द्या आणि त्याच किमतीची दुसरी न्या. तिने कागद घेतला, तीन ओळी लिहिल्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवला. एक, बाबागाडी चाकं न काढता डिकीत मावली पाहिजे. दोन, आईंना मागच्या सीटवर स्वतःचं स्वतः बसता-उठता आलं पाहिजे. तीन, महिनाभर चालवून लिटरला पंधरा किलोमीटर पडले पाहिजेत. मोजायचं टाकी ते टाकी: आज काठोकाठ भरायची, महिन्याने पुन्हा काठोकाठ, मध्ये भरलेल्याच्या पावत्या द्यायच्या. तिन्हीतलं एक जरी हुकलं तर चप्पल परत आणि चार दारांची गाडी घरी.

"आणि तिन्ही जमलं तर?" नवऱ्याने विचारलं.

"तर मी तोंड उघडणार नाही."

"हे लिहून दे." तिने तेही लिहून दिलं.

बाबागाडी मावली. गुडघ्याने दाबून, पण मावली. सासूबाईंचं बसणं-उठणं म्हणजे पुढची सीट सरकवायची, मग त्यांनी डोकं आत घालायचं, मग पाय, मग बराच वेळ काहीच नाही. नवरा बाहेरून हात धरून ओढायचा आणि म्हणायचा, "बघ, आली की नाही आपली आपण." सासूबाई सुनेकडे न बघता पदर सारखा करायच्या. लेकाला हरवायला त्यांचं मन होत नव्हतं. दोन ओळी अशा गेल्या. राहिलं मायलेज.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि सध्या रजेवर होती. रजेवर माणूस असतो, नाक आणि डोळे नसतात. दुसऱ्या आठवड्यापासून तिला गाडीत वास यायला लागला. डॉक्टरांनी ठमीला घरी सोडताना बजावलं होतं, फुप्फुसं कच्ची आहेत, धूर आणि उग्र वास लांब ठेवा. ठमीची खुर्ची मागच्या सीटवर, तिच्या डोक्यामागे वीतभर अंतरावर डिकी, मध्ये नुसती एक झडप.

"पेट्रोलचा वास येतोय."

"नव्या गाडीचा आहे. रबराचा."

"मग काच उघड."

"काच उघडली की मायलेज पडतं, आणि एसी लावला तरी पडतं. पंधराचा आग्रह माझा नव्हता, बाईसाहेब."

म्हणजे काचा बंद, एसी बंद, आणि आत चौघं. ठमी शिंकायची. सासूबाईंचं डोकं दुखायचं. ती मागे वळून वळून पोरीची छाती वरखाली होताना मोजायची आणि नवरा म्हणायचा, "जरा समोर बघ गं, तुझ्या अशा वळण्यानेही पेट्रोल जास्त लागत असेल."

त्याच सुमारास ठमीचं पिवळं लाळेरं हरवलं. सासूबाईंनी हाताने शिवलेलं, कडेला निळा टाका. तिने सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी विचारलंच, "आई, वाळत घातलंत तेव्हा चिमटा लावला होता ना?"

"तुझ्या नवऱ्याचे दोन डझन लंगोट सांभाळले मी," सासूबाई म्हणाल्या. "एक उडाला नाही."

"मग हे कुठे गेलं?"

"माझ्या पोटात." त्यानंतर आठ दिवस दोघी एकमेकींशी फक्त ठमीमार्फत बोलत होत्या. "ठमे, तुझ्या आईला सांग, दूध उतू जातंय."

महिना भरला तो रविवार. अकराला ठमीची डॉक्टरांकडे तपासणी होती, वाटेत पंप. मधल्या काळातली एकही पावती नव्हती, कारण नवरा महिनाभरात पंपावर गेलाच नव्हता. म्हणजे तो तसं म्हणत होता. पंपावरच्या माणसाने टोपी मागे सारली आणि टाकी काठोकाठ भरली. अठ्ठावीस लिटर. गाडी चालली होती सहाशे वीस किलोमीटर. नवऱ्याने मोबाइलवर भागाकार केला आणि स्क्रीन तिच्या नाकासमोर धरली.

"बावीस. पंधरा मागत होतीस ना? बावीस. आता तो कागद आणि तुझं तोंड, दोन्ही बंद."

मागून सासूबाईंनी विचारलं, "जिंकलास का रे?" आवाजात आनंद फारसा नव्हता.

तिने स्क्रीनवरचा आकडा पुन्हा वाचला. प्रयोगशाळेत एखादा आकडा असा गोंडस आला की तिची वरिष्ठ बाई नमुन्याची बाटली तिच्या हातात परत द्यायची आणि म्हणायची, धू आणि पुन्हा कर. तिने पुढचा कप्पा उघडून गाडीचं माहितीपत्रक काढलं.

"कंपनी स्वतः सोळा म्हणते," ती म्हणाली. "विकायला बसलेली कंपनी."

"कंपनीकडे माझ्यासारखा ड्रायव्हर नाही."

"डिकी उघड. ठमीचं दुपटं हवंय."

"बस तू, मी देतो काढून."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्या माणसाला आयुष्यात स्वतःचा टॉवेल सापडला नव्हता तो गेला महिनाभर डिकीतली प्रत्येक वस्तू उठून आणून देत होता. ती उतरली. तो दार उघडून मागे येईपर्यंत तिने डिकी उघडली होती, बाबागाडी उचलून फरशीवर ठेवली होती आणि तळाचा पत्रा उपसला होता. जिथे जादा चाक असतं तिथे या गाडीत नुसता खड्डा होता, आणि खड्ड्यात पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन. झाकण नव्हतं. तोंडात पिवळा बोळा कोंबला होता, आणि बोळ्याच्या कडेला निळा टाका होता.

पंपावरचा माणूस एक पाऊल मागे सरला. "अहो, हे ठेवून वर पोर बसवता?"

"रिकामा आहे तो," नवरा म्हणाला.

तिने हलवला. आत डुचमळलं.

"जवळजवळ रिकामा." मग जरा थांबून, "झाकण हरवलं होतं."

तो वाहन विम्याच्या कचेरीत होता. लोकांचे खोटे दावे पकडायचं काम त्याचं. दिवसभरात दहा जणांना तो विचारत असेल, आणि मग तुम्ही काय केलंत. तिने तेच विचारलं.

"ऑफिसच्या पार्किंगमध्ये ओतायचो."

"किती वेळा?"

"सहा."

"सहा पंचे तीस. तीस आणि अठ्ठावीस, अठ्ठावन्न." तिला मोबाइल लागला नाही. "पावणेअकरासुद्धा पडत नाहीत. आणि पंधरा दाखवायला सतरा लिटर पुरले असते. तू तीस ओतलेस. खोटंसुद्धा तुला हिशेबात करता येत नाही."

"म्हटलं थोडं जास्त असलेलं बरं." तो आता चिडला होता. "एक वस्तू. अख्ख्या घरात एक वस्तू माझ्या आवडीची आणली, तर दोघी मिळून—"

"दोघी कुठे," ती म्हणाली. "मी एकटीच होते. आई तुझ्याच बाजूने होत्या. गुडघे मोडेपर्यंत."

मागच्या सीटवरून सासूबाई मान वळवून डिकीत बघत होत्या. "ते इकडे दे," त्या म्हणाल्या. तिने बोळा कॅनमधून ओढला आणि दोन बोटांत धरून पुढे केला. सासूबाईंनी निळा टाका अंगठ्याने चाचपला, नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं. मग शेजारी झोपलेल्या ठमीकडे बघितलं.

"मला बाहेर काढा."

नवरा सवयीने हात पुढे करून आला.

"तू नको. तिला सांग."

तिने पुढची सीट सरकवली. आधी ठमी बाहेर आली, मग एकेक करून सासूबाईंचे पाय, मग उरलेल्या सासूबाई. उभ्या राहिल्यावर त्यांनी कमरेवर हात ठेवला आणि चप्पलला पुन्हा एक फेरी मारली, पहिल्या दिवशी मारली होती तशीच.

"आई, लाळेऱ्याचं मी तुम्हाला उगीच—"

"ते घरी गेल्यावर. त्यावर मी दोन दिवस बोलणार आहे, आता वेळ नाही. अकराला जायचंय ना?"

बसचा थांबा पंपाच्या पुढेच होता. ठमी बाबागाडीत, आच्छादन तिथेच काढून टाकलेलं, कारण त्यालाही वास होता. दोघी फुटपाथवरून निघाल्या. पंपावरच्या माणसाने कॅन नवऱ्याच्या सीटशेजारी ठेवायला नकार दिला, तो स्वतःजवळ ठेवून घेतला आणि पावती फाडून त्याच्या हातात दिली.

शंभरेक पावलांवर मागून घुरघुर आली. लाल गाडी फुटपाथला लागून पायी चालणाऱ्यांच्या वेगाने सरकत होती, काच खाली केलेली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"अगं बस ना. कॅन गेला आता. आई, तू तरी बस. ऊन लागेल ठमीला."

दोघी चालत राहिल्या.

"लोक बघतायत."

"बघू देत," सासूबाई म्हणाल्या. "त्यासाठीच घेतलीस ना?"

तो तसाच सरकत राहिला. मागच्या टेम्पोने हॉर्न वाजवला. ती चालता चालता एकदाच खाली वाकली, खिडकीच्या उंचीला.

"पहिल्या गिअरमध्ये चालवतोयस," ती म्हणाली. "चारच्या वर पडायचे नाहीत."

बस आली. कंडक्टरने खाली उतरून बाबागाडीची पुढची चाकं धरली, तिने मागची, आणि काही न काढता, काही न दाबता ती आत गेली. सासूबाई दांडीला धरून स्वतःच्या पायांनी चढल्या. दारात वळून त्यांनी गाडीकडे बघितलं.

"उद्या दहाला शोरूम उघडतं. मी येणार आहे बरोबर," त्या लेकाला म्हणाल्या. "पुढच्या सीटवर."