तिमोरासो झाकणारी पिशवी

मी एक जुनी काळी मखमली पिशवी आहे. सुरतेच्या पर्वत पाटिया भागात शिवणकाम करणाऱ्या कुसुमताईंनी उरलेल्या कापडातून मला शिवले. वाइनची बाटली माझ्यात घालत, म्हणजे बाटलीवरची नावाची चिठ्ठी दिसत नसे आणि वाइन कोणत्या द्राक्षाची ते चाखणाऱ्याला केवळ चवीवरून ओळखावे लागे. "ही कुणाची बाजू घेत नाही," असे माझे मालक चेतनशेठ सगळ्यांना कौतुकाने सांगत. मित्रांनो, मला ते खरे वाटे.

सुरतेत दारूबंदी, म्हणून हे सारे त्यांच्या दिवाणखान्यात, दारे लावून चाले. दमणला मात्र दारू चालते; एका रविवारी त्यांनी तिथल्या आपल्या हॉटेलासाठी वाइनचा परीक्षक निवडायचे ठरवले. उमेदवार दोन. एक होता राहुल, शेठजींचा भाचा. दुसरी सुषमा, धुळ्याहून आलेल्या यंत्रमाग कारागिराची मुलगी. नाशिकला राहून ती हे काम शिकली होती.

राहुलने एक घोट घेतला आणि नेहमीच्या पांढऱ्या द्राक्षाचे नाव सांगितले, "शार्दोने."

सुषमाने पेला बराच वेळ नाकाशी धरला. "मध आहे. मागून रॉकेलचा वास येतो."

"रॉकेल प्यायला बोलावलं का, बेन?" एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले.

तिचे कान लाल झाले, तरी ती थांबली नाही. "असा वास रिसलिंग द्राक्षाला असतो, पण ही वाइन अंगानं जड आहे. हे तिमोरासो. इटलीचं द्राक्ष, फार थोडं पिकतं."

माझ्या पोटातल्या बाटलीच्या चिठ्ठीवर तेच नाव होते.

शेठजींनी माझी कड जरा उचलली, वाचले आणि पुन्हा खाली सोडली. "शार्दोने! शाबास, राहुल!"

सुषमाचा हात माझ्याकडे आला. "शेठजी, बघू का?"

"आमच्यावर भरोसा नाही?"

तिने हात मागे घेतला. दाराशी चपला घालताना ती फोनवर आईला अहिराणीत म्हणाली, "माय, मनी जीभ खोटी निंघनी." तिची जीभ म्हणे खोटी निघाली.

शेठजी हा किस्सा अजून रंगवून सांगतात. "ती रॉकेलवाली! सचिन गावातल्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालते म्हणे. चाखणं सोडलं तिनं." राहुल सर्वांत मोठ्याने हसतो.

आता माझी शिवण उसवली आहे. स्वयंपाकघरात माझ्यात लसूण ठेवतात. मला धुऊ नका, शिवू नका, मित्रांनो. एवढेच करा: कुणी तुम्हाला खोटे ठरवले, तर ते मान्य करण्याआधी झाकण काढायला लावा. आम्ही झाकणाऱ्या वस्तू त्या वेळी बोलू शकत नाही.