उचलून पाहायचं नाही

नव्या दुकानावर पाटी चढत होती आणि मी समोरच्या पायरीवर उभी राहून बघत होते. माझ्या मागे, कापडाच्या दुकानात, पडदे शिवून देणारी माझी आत्या तयार पडद्यांसाठी अस्तर निवडत होती. तिला घाई केली की ती मुद्दाम उशीर करते, म्हणून मी बाहेर आले होते. शिडीवरच्या पाटीवाल्याने एका पारदर्शक नळीत पाणी भरलं होतं. नळीचं एक टोक त्याच्या हातात होतं, दुसरं खाली टपरी असलेल्या किल्लीवाल्याने वर धरलं होतं. दोन्ही टोकांना पाणी जिथे थांबेल तिथे खडूने खूण करायची, म्हणजे पाटी वाकडी लागत नाही. इतकं साधं आणि इतकं अचूक. नळी वाकवली तर काय होईल, असं मी त्याला विचारणार होते.

तेवढ्यात पाटीचा पत्रा वरच्या आकड्यातून निसटला. त्याने तो सोडून द्यायला हवा होता. पण स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी कोण सोडतं! त्याने ती कवटाळली आणि पत्र्यासकट खाली आला.

शिडी फार उंच नव्हती. तो पडला, उठून बसला, ओशाळून हसलाही. मग त्याने आपल्या मांडीकडे पाहिलं. पत्र्याची कड पँट फाडून मांडीच्या आतल्या बाजूला खोल गेली होती. रक्त उडत नव्हतं, पण नळ नीट बंद केला नसावा तसं सारखं येत होतं, आणि फरशीवर पसरत होतं.

बघता बघता भोवती माणसं जमली. सगळी वाईट वाटून बघत होती आणि सगळी सारख्याच अंतरावर उभी होती. मी आत शिरले, त्याला आडवं केलं आणि तळहात जखमेवर ठेवला. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत रुजू होताना आम्हाला प्रथमोपचाराचा एक वर्ग असतो. त्यातलं मला एकच आठवत होतं, दाबून धरा.

"आत्या, कापड!"

"कुठलं?" ती दुकानाच्या दारातून म्हणाली.

"कुठलंही. जाड."

"माझ्याकडे पडदे आहेत, आणि ते गिऱ्हाइकाचे..." एवढं म्हणून तिने फरशीकडे पाहिलं. "घे बाई. गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात."

पडद्याची घडी करून मी जखमेवर दाबली आणि किल्लीवाल्याला म्हटलं, "दादा, अँब्युलन्सला फोन करा."

"केला असेल की कुणीतरी."

"कुणी केलाय?" मी मोठ्याने विचारलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. एक हेल्मेटवाला, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता, फोन समोर धरून उभा होता. तो म्हणाला, "मी शूटिंग करतोय."

"मग तेच थांबवा आणि त्याच फोनवरून लावा. किल्लीवाले दादा, तुम्ही कोपऱ्यावर जा. गाडी आली की तिला गल्ली दाखवा, मधल्या स्कूटर हलवायला लावा."

दोघेही लगेच कामाला लागले. एवढंच सांगायचं बाकी होतं, असं वाटावं इतक्या चटकन.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. यानंतर मी जी चूक केली, ती माझ्यासारखीच माणसं करतात.

घरी मला 'चौकशी' म्हणतात. कुकरची शिट्टी का होते इथपासून माझे प्रश्न सुरू झाले आणि पदवी मिळाल्यावरही संपले नाहीत. मी काही केलं की त्याचं काय झालं ते मला बघावंच लागतं. म्हणून थोडा वेळ दाबल्यावर मी पडद्याचा कोपरा उचलला. रक्त कमी झालं होतं. छान. पुन्हा दाबलं, पुन्हा पाहिलं. आता पहिल्याइतकंच येत होतं. जास्त जोर लावला, आणखी थोड्या वेळाने पाहिलं, तर त्याहून जास्त.

"थांबलं का हो ताई?" पाटीवाल्याने विचारलं. त्याचे ओठ फिकट पडत चालले होते.

"थांबेल," मी म्हटलं. पण निकाल उलट दिशेने चालले होते. जोर वाढतोय तरी रक्त वाढतंय, असं कसं? यात बदलतंय काय?

बदलत होते फक्त माझे डोळे. म्हणजे माझं बघणं.

प्रयोगशाळेत आम्ही गढूळ पाण्याच्या बरणीत तुरटी घालतो आणि ती तशीच ठेवून देतो. कण एकमेकांना धरतात, जड होतात, हळूहळू तळाशी जातात. पहिल्या आठवड्यात मी ती बरणी सारखी उजेडाकडे धरून बघायचे, आणि प्रत्येक वेळी बसलेला गाळ पुन्हा वर यायचा. माझ्या वरिष्ठ बाई शेवटी म्हणाल्या होत्या, "अगं, तू बघतेस म्हणूनच ते बसत नाहीये." इथे पडद्याखाली रक्त गोठायला लागत होतं आणि मी दर वेळी तो कोवळा थर कापडाबरोबर खरवडून काढत होते.

मी दोन्ही तळहात एकावर एक ठेवले, कोपरं ताठ केली आणि अंगाचा भार त्यांच्यावर टाकला. आता काहीही झालं तरी उचलायचं नाही.

आणि नेमकं आताच सगळ्यांना धीट व्हायचं होतं. छडीवाले एक आजोबा पुढे आले. "पोरी, जरा बघ तरी थांबलंय का."

"नाही बघणार."

"म्हणजे? आंधळ्यासारखी दाबत बसणार?"

"हो."

"त्याला पाणी द्या आधी," दुसरं कुणीतरी म्हणालं. तिसऱ्याला त्याला उठवून मालाच्या टेम्पोत घालायचं होतं. "अँब्युलन्सचा काय भरवसा? धरा रे पाय!" दोन माणसं खरंच वाकली.

"पायाला हात लावायचा नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की ती दोघं वाकल्या जागी थांबली. आत्या त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ऐकू आलं ना? माझी भाची आहे ती. लहानपणापासून डोकं खाते आमचं, पण उगाच बोलत नाही. व्हा मागे."

माणसं मागे सरकली. पण आजोबांचा प्रश्न माझ्याही डोक्यातून जाईना. पडदा ओला होत होता. ते जुनं रक्त होतं की नवं? मी वाचवत होते की नुसतीच दाबून बसले होते? कोपरा किंचित उचलला असता तर उत्तर मिळालं असतं. मला आयुष्यात कुठलंही उत्तर इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

मग वाटलं, प्रश्न चुकीच्या जागी विचारतेय मी. उत्तर फक्त पडद्याखालीच आहे असं कुणी सांगितलं?

"आजोबा, त्याच्या खिशातून पडलेला तो खडू घ्या. फरशीवर रक्त जिथवर आलंय ना, त्याच्या कडेकडेने रेघ ओढा."

"रेघ?"

"ओढा तर खरं. आणि तिच्यावर नजर ठेवा. रक्त रेघ ओलांडतंय का, तेवढंच सांगायचं. आत्या, मांडीखाली हात घालून बघ, खालून वाहतंय का. ह्यांना हलवू नकोस."

आजोबा छडी टेकत खाली बसले आणि त्यांनी रेघ ओढली. थोडी वेडीवाकडी, पण अखंड. आत्याने हात घातला, बाहेर काढला, उलटा-सुलटा करून पाहिला. "जुनंच आहे, चिकट. नवं ओघळत नाहीये."

"आणखी एक पडदा लाव. माझे हात हलवू नकोस, त्यांच्या भोवतीने खोच."

"दुसराही?" ती म्हणाली, आणि खोचला.

मी पाटीवाल्याकडे वळले. "दादा, बोलत राहा. घरी कोण असतं?"

"बायको. तिला कळवू नका, हात-पाय गाळेल."

"मग तुम्हीच सांगा नंतर. काय सांगाल?"

"सांगेन, पाटीने घात केला. नको, हसेल ती. म्हणेल, पाटी टाकून उडी मारायची ना, येड्या."

"बरोबरच म्हणेल," आत्या म्हणाली.

"ओलांडली का रेघ?" मी विचारलं.

"नाही!" आजोबा म्हणाले.

पुढच्या वेळी मी विचारलं तेव्हा आजोबांबरोबर आणखी दोघं-तिघं म्हणाले, "नाही!" मघाशी त्याला टेम्पोत घालायला निघालेले आता उकिडवे बसून त्या खडूच्या रेघेकडे टक लावून बघत होते. कुणी हळूच म्हणालं, "इकडे जरा ओलं दिसतंय," तर आजोबांनी त्याला झापलं, "चष्मा पूस आधी. सावली आहे ती."

माझे खांदे दगडासारखे झाले होते. आत्या म्हणाली, "मी धरते थोडा वेळ." मी मान हलवली. हात बदलणं म्हणजे मधे एक क्षण सोडणं, आणि तो क्षण मला द्यायचा नव्हता.

कोपऱ्यावरून किल्लीवाल्याचा आवाज आला, "सरका! सरका! आली!" गाडीतून एक बाई आणि एक माणूस स्ट्रेचर घेऊन उतरले. बाईने पाटीवाल्याची नाडी बघितली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"सोडा आता."

"उघडून बघणार?"

"नाही. वरूनच आवळून बांधणार."

तेव्हा कुठे मी हात सैल करायला घेतले. पण जोर जरा कमी होताच रेघेपाशी बसलेला एक जण ओरडला, "आलं! नवं आलं!" पडद्याच्या कडेने लाल धार सुटली होती. मी पुन्हा होतं तेवढं वजन टाकलं. धार थांबली.

बाईने पटकन हिशोब केला. "जागा तुम्हाला सापडलीये. तुम्ही चढा गाडीत. असंच दाबून ठेवायचं. जमेल?"

"जमेल."

त्याला उचलताना मी त्याच्याबरोबर वाकडी-तिकडी, खेकड्यासारखी चालत गेले. आत्या मागून ओरडली, "चौकशी, पोचलीस की कळव! आणि नीट दाब!"

गाडी निघाली. गुडघे लोखंडावर टेकले होते आणि प्रत्येक गचक्याला मी माझं सगळं वजन त्याच्या मांडीवर ठेवत होते. बाईने त्याला सलाईन लावलं. तो छताकडे बघत होता.

"ताई, थांबलंय का?"

"माहीत नाही."

"मग बघा ना जरा."

"नाही."

"माझा पाय आहे," तो कुरकुरला.

"हात माझे आहेत."

सलाईन लावणारी बाई हसली. त्याने डोळे मिटले. मी त्याला पुन्हा बायकोचं विचारलं, आणि डोळे न उघडता तो सांगत राहिला.

दवाखान्यात तिघांनी मिळून त्याला टेबलावर घेतलं. डॉक्टरने हातमोजे घातलेला हात माझ्या हातांच्या शेजारी टेकवला, दाब घेतला, आणि म्हणाला, "आता माझ्याकडे. सोडा."

मी सोडलं. बोटं मिटलेलीच राहिली, ती एकेक करून सरळ करावी लागली. कुणीतरी मला दाराकडे वळवलं. मागे पडदे उचलल्याचा ओला आवाज आला.

"चांगलं धरलंय," डॉक्टर म्हणाला. "शिवायला घेऊ. हा वाचेल."

दार अजून अर्धं उघडं होतं. मान वळवली असती तर दिसलं असतं. मी मान वळवली, आणि मनसोक्त पाहिलं.