सोयीचा नमुना

देवयानीने घरातल्या दोन्ही बायकांची नावं मोबाइलमध्ये भरली आणि सर्व्हेच्या ॲपने चिठ्ठी उचलल्यागत त्यातलं एक काढलं. रुपाली, वय सव्वीस, सून.

ओट्यावर ऐसपैस बसलेल्या मायाक्कांना, म्हणजे रुपालीच्या सासूबाईंना, ते काही पटलं नाही. तिचंही मीच सांगते की, म्हणाल्या, एका चुलीवरची माणसं आम्ही. रुपाली मागच्या बाजूला मेंढरांना पाणी पाजत होती.

देवयानी सोलापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायची आणि सुट्टीत असले सर्व्हे करायची. समोर सापडेल त्यालाच विचारून मोकळं होणं म्हणजे सोयीचा नमुना, तो कुचकामी, ज्याचं नाव निघेल त्यालाच गाठायचं, असं ती पोरांना बजावायची. पंख्याखाली उभं राहून सांगायला काय जातंय! इथे सकाळपासून उन्हात वस्त्या पालथ्या घालून तिच्या पायांचे तुकडे पडले होते, डोकं ठणकत होतं, आणि मायाक्का बोलायला एका पायावर तयार होत्या. कोण बघतंय, असं मनाशी म्हणत तिने पहिला प्रश्न त्यांनाच वाचून दाखवला. सुनेला रोज स्वतःसाठी किती वेळ मिळतो? उत्तर आकड्यात.

"चार तास टाका. लई निवांत असती ती."

देवयानीने चार टाकले. मान वर केली तर दारात रुपाली उभी. हात ओले, पदर खोचलेला.

"ताई, माजं नाव निघालंय न्हवं?"

देवयानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार पुसले. जिचं नाव निघालं तिला एकटीलाच विचारायचा नियम आहे, असं तिने मायाक्कांना समजावलं, तेव्हा त्या पुटपुटत मेंढरांकडे गेल्या.

रुपाली चौकटीला टेकून बसली. प्रश्न पुन्हा ऐकला आणि ओल्या बोटांवर दिवसाचे तास मोजून बघितले.

"शून्य लिवलं तर चालतं का?"

"चालतं."

"मग लिवा. अजून किती प्रश्न हायत?"

"अकरा. पण घाबरू नका, पटापट उरकते, तुमची कामं खोळंबली असतील."

"नगं, सावकाश विचारा की," रुपाली हळूच म्हणाली. "तुमी हितं हाय तवर मला कुणी हाक मारायचं न्हाय."

देवयानीने खांद्यावरची पिशवी उतरवली आणि तिच्या शेजारी भिंतीला पाठ टेकली.