क्षमता : चार व्यक्ती

त्या रविवारी मामा चढावर सायकलवरून उतरले.

हे वाक्य वाचलंच नाही असं धरा. आम्हां चौघांच्या लेखी असं काही घडलेलं नाही. घडलं ते एवढंच, की चढाच्या मध्यावर मामांची सायकल थांबली, त्यांचा एक पाय रस्त्यावर आला, पाठोपाठ दुसरा आला, आणि नेमक्या त्याच क्षणी बाकी तिघांनाही काही ना काही झालं. योगायोग होत असतात.

"माझी चेन पडली," मी म्हणालो.

"माझ्या बुटात खडा गेलाय," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या पायात सँडल होत्या.

मास्तरांना काही सुचेना. त्यांचं सगळं आयुष्य पोरांच्या थापा ऐकण्यात गेलेलं. स्वतः मारायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला जरा... भूगोल बघायचाय."

मामा हँडलवर कपाळ टेकवून श्वास घेत होते. श्वास येत होता, पण जिना चढून आल्यासारखा, प्रत्येक पायरीवर थांबत. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि माझ्या सायकलीकडे बघितलं.

"चेन तर जागेवर आहे."

"आत्ताच बसली. आपोआप."

"हुशार आहे," मामा म्हणाले. "मालकावर गेली नाही."

एवढं बोलून ते हसले असते तर प्रश्न मिटला असता. ते हसले नाहीत. त्यांनी सायकल वळवली, "तुम्ही व्हा पुढे, मला एक काम आठवलं," असं म्हणाले आणि खाली निघून गेले. उतारावर मामा नेहमी दोन्ही पाय पॅडलवरून उचलून बाजूला पसरतात आणि शिट्टी वाजवत जातात. त्या दिवशी पाय पॅडलवरच होते. शिट्टी नव्हती.

मामा हे नातं नव्हे, तो हुद्दा आहे. त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलं त्यांना काका म्हणतात, त्याला कुणाचा इलाज नाही. मामा लिफ्ट दुरुस्त करतात. लिफ्ट बिघडली की लोक मामांना बोलावतात, आणि लिफ्ट बिघडलेली असल्यामुळे मामा जिन्यानं येतात. खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन, कधी पाचव्या मजल्यावर, कधी नवव्या. मग लिफ्ट सुरू होते, लोक झुळुकीसारखे वर जातात, आणि मामांना पुढच्या बिघडलेल्या लिफ्टचा फोन येतो. उभं आयुष्य असं गेलेला माणूस रविवारी आपण होऊन चढ शोधतो, याचं कारण मी एकदा विचारलं होतं.

"आठवडाभर दुसऱ्यांना वर पोचवतो," मामा म्हणाले. "एक दिवस स्वतःला पोचवून बघतो, जमतं का."

आमची ओळख अडकण्यातून झाली. मी चष्म्याच्या दुकानात काम करतो, दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता कसं दिसतंय?" असं विचारतो. दुकान चौथ्या मजल्यावर. एके दिवशी लिफ्टमध्ये मी, एक नर्स आणि एक भूगोलाचे मास्तर असे तीन परके लोक होतो आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थांबली. दिवा गेला. मी सगळी बटणं दाबून पाहिली. मास्तर खोल आवाजात म्हणाले, "आपण नक्की कुठे आहोत?" भूगोलाच्या माणसाच्या तोंडून ते ऐकून धीर आणखी खचला.

मग बाहेरून आवाज आला. "आत किती जण?"

"तीन," सिस्टर म्हणाल्या.

"क्षमता चारची आहे. म्हणजे एक जागा रिकामी. पाय पसरून बसा." मग पाना घासल्याचा, ठोकल्याचा आवाज. "घाबरू नका. सायकल येते का कुणाला?"

या प्रश्नाचा लिफ्टशी काय संबंध, हे आम्हांला कळेना. पण तिघांनाही येत होती, आणि तिघांनीही कित्येक वर्षांत चालवली नव्हती. दार उघडेपर्यंत मास्तरांनी लहानपणी पडल्याची खूण काळोखात आम्हांला दाखवली होती आणि येता रविवार ठरला होता. मामांनी नंतर खुलासा केला : "अडकलेल्या माणसाशी लिफ्टबद्दल बोलायचं नाही. जिथं तोंडावर वारा लागतो असं काहीतरी विचारायचं."

तेव्हापासून दर रविवारी आम्ही त्या वाऱ्याकडे जातो. गावातून बाहेर पडायचं, तळ्याच्या रस्त्याला लागायचं, मध्ये एक लांबलचक चढ, माथ्यावर चहाची टपरी, चौघांना पुरेल असा एक बाक. एवढंच. यात कुणी जिंकत नाही, कुणी बारीक होत नाही. सिस्टर रात्रपाळी करून येतात आणि सपाटीवर सायकल चालवता चालवता चक्क जांभया देतात. मास्तर दर खेपेला "या बाजूनं जवळ पडतं" म्हणतात आणि दर खेपेला लांब पडतं. टायर ओल्या डांबरावरून जाताना कुणीतरी कापड फाडत असल्यासारखा आवाज येतो. माझ्या बाकीच्या आठवड्यात लोक मला विचारतात, फ्रेम बदलून मिळेल का. रविवारी कुणी काही बदलून मागत नाही.

नियम एकच, तोही मामांनीच केलेला : चढावर उतरायचं नाही, आणि उतारावर माजायचं नाही. एकदा मास्तर रस्त्याकडेचा एक दगड बघायला चढावरच उतरले होते. मामांनी त्यांना पायथ्याशी परत पाठवलं आणि पहिल्यापासून चढायला लावलं. दगड सामान्य निघाला. पण नियम त्या दिवशी पक्का झाला, आणि आता तोच नियम मामांच्या गळ्यात आला होता. कारण मामा दुसऱ्याला एक आणि स्वतःला एक असं माप कधी लावत नाहीत. हा त्यांचा एकमेव दुर्गुण.

पुढच्या रविवारी मामा आले नाहीत. आम्ही तिघं चढ चढलो. मास्तरांनी नेहमीची गोष्ट सुरू केली नाही, सिस्टरनी जांभई दिली नाही. टपरीवाल्यानं सवयीनं चार ग्लास मांडले. चौथ्याकडे आम्ही बराच वेळ बघत बसलो. शेवटी टपरीवाल्यालाच राहवेना, तो त्यानं उचलून पिऊन टाकला.

घरी पोचतो तोच मामींचा फोन.

"ऐक रे चष्म्या, तुझ्या मामाला घेऊन जा कुठंतरी. सकाळपासून घरातली दारं तपासतोय, कुठलं करकरतंय म्हणून. कपाटाच्या दाराला तेल घातलं, माझ्या साड्यांना वास येतोय."

"मामी, झालंय काय नक्की?"

मामींचा आवाज खाली आला. "डॉक्टर म्हणाले, छातीला जोर द्यायचा नाही. सपाटीवर हवी तेवढी चालवा, चढ बंद. म्हणून हा म्हणतो सायकलच बंद. चढाशिवाय तळ्याला रस्ताच नाही म्हणे. लोकांचा रविवार कशाला नासवू म्हणे." मग थोडं थांबून, "मी म्हटलं, माझा नासवतोयस ते चालतं का?"

सोमवारी मामा आमच्याच इमारतीत होते. महिन्याची तपासणी. तळमजल्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी, लिफ्टचं दार बंद, फटीतून बॅटरीचा उजेड. मी दोन फोन केले. सिस्टर ड्यूटीच्या कपड्यांतच आल्या. मास्तर मधल्या सुट्टीत आले, हाताला खडू तसाच.

सिस्टरनी दारावर टकटक केलं. "आत किती जण?"

आतली ठोकाठोक थांबली. "कोण आहे?"

"आधी सांगा, आत किती जण?"

"...एक."

"क्षमता चारची आहे ना? म्हणजे तीन जागा रिकाम्या."

सिस्टर दाराला तोंड लावून म्हणाल्या, "घाबरू नका. सायकल येते का?"

फटीतला उजेड हलला.

"येते," मामा म्हणाले. "चढ नाही येत आता."

हे त्यांनी आजवर असं सरळ कुणालाच सांगितलं नसावं. बंद दाराशी बोलणं सोपं जातं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

"मग तुम्ही तिघं जा की," आतून पुन्हा आवाज आला. "तिघांत लिफ्ट चालते. काही अडत नाही."

"पाचवा चढला की ओरडते ना तुमची लिफ्ट?" सिस्टर म्हणाल्या. "मग चौथा नसला की का नाही ओरडत?"

"तसलं यंत्र कुणी बनवत नाही, सिस्टर."

"बनवा मग!" सिस्टर एवढ्या जोरात म्हणाल्या, की जिन्यावरून चाललेला एक गृहस्थ दचकून परत वर गेला.

"नियम मीच केलाय," मामा म्हणाले. "मास्तरांना परत खाली पाठवलं होतं मी. एका दगडासाठी. आता मी उतरलो तर कुठल्या तोंडानं..."

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना योग्य रस्ता सापडल्यासारखं दिसत होतं. "नियमाचे शब्द काय? चढावर उतरायचं नाही. बरोबर? पण आपण पायथ्याशीच उतरलो तर? दिव्याचा पहिला खांब आहे ना, त्याच्या अलीकडे? ती सपाटी आहे. सपाटीवर उतरायला नियमाची हरकत नाही. चढ लागतो तेव्हा आपण उतरलेलेच असू. मग चढावर उतरलं कोण?"

आत एक पाना खाली पडला. मग दार हातानं सरकवल्याचा ओळखीचा आवाज आला आणि फटीत मामांचा अर्धा चेहरा दिसला, नाकावर ग्रीस.

"आणि तुम्ही तिघं का उतरणार? तुमचं काय बिघडलंय?"

"खडा," सिस्टर म्हणाल्या.

तेव्हापासून आम्ही चढ पायी चढतो. सायकली हातात. मामांचं म्हणणं असं, की सायकल आपल्याला इतकं वाहते, तर आठवड्यातून एकदा आपण तिला फिरायला नेलं तर काय बिघडलं. चढाच्या मध्यावर एका घराची गॅलरी आहे. तिथे दात घासणाऱ्या बाईंनी पहिल्याच रविवारी आम्हांला अडवलं.

"अहो, थांबा! त्या दातांच्या डॉक्टरकडे मांजर नेणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं?"

आम्हांला कळेना. मग उलगडा झाला. मास्तर पायथ्याशी गोष्ट सुरू करतात, गॅलरीखाली ती नेमकी अर्ध्यावर येते, आणि आम्ही पुढे निघून जातो. या बाईंनी कित्येक रविवार कित्येक गोष्टींचे मधलेच तुकडे ऐकले होते. मास्तरांनी थांबून, सायकल स्टँडवर लावून, मांजराचा शेवट सांगितला.

"एवढंच?" बाई म्हणाल्या आणि चूळ भरायला आत गेल्या. पण पुढच्या रविवारी त्या गॅलरीत होत्या, आणि ब्रश नुसताच हातात होता.

माथ्यावर चहा. मग उतार. उतारावर सगळ्यांत पुढे मामा : पाय दोन्ही बाजूंना पसरलेले, शर्ट पाठीवर फुगलेला, शिट्टी. शिट्टीला चाल नाही. मागे राहून ते दृश्य बघायला मिळतं म्हणून आम्ही तिघंही मुद्दाम ब्रेक दाबतो. फुकट मिळणाऱ्या गोष्टींचे आभार कुठे मानायचे असतात मला माहीत नाही. तशी एखादी खिडकी असती तर मी रांग लावली असती.

अलीकडे सिस्टरच्या सँडलमध्ये खडा जरा जास्त वेळा जातो. आधी गॅलरीपाशी जायचा, आता त्याच्या अलीकडे, दिव्याच्या तिसऱ्या खांबाशीही जातो. त्या वाकतात, सँडल काढतात, झटकतात, निरखून बघतात, पुन्हा झटकतात. खडा शोधायला त्यांना बरोबर तेवढाच वेळ लागतो, जेवढा मामांना लागतो. मास्तर भूगोल बघतात. मी चेन बघतो. मामा आमच्याकडे बघतात आणि आता हसतात.

गेल्या रविवारी बाकावर बसून आम्ही रस्ते खात्याला एक अर्ज केला. मामांनी सांगितला, मी लिहिला, मास्तरांनी शुद्धलेखन बघितलं. मामांनी दुसरा मुद्दा सांगितला तेव्हा सिस्टरनी एकदम तळ्याकडे तोंड फिरवलं आणि डोळ्यांत काहीतरी गेलंय म्हणाल्या. बहुधा खडाच असणार. अर्ज खालीलप्रमाणे :

मा. मुख्य अभियंता, रस्ते विभाग, यांस.

विषय : तळ्याच्या रस्त्याबाबत.

महोदय, आम्ही खाली सही करणारे चार सायकलस्वार सदर रस्ता दर रविवारी वापरतो. रस्त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. उलट आम्ही आपले आभारी आहोत. तरी

एक, सदर रस्ता जाताना आणि येताना, दोन्ही वेळेस उताराचा करून मिळावा.

दोन, हे शक्य नसल्यास पायथ्याच्या पहिल्या खांबावर 'क्षमता : चार व्यक्ती' अशी पाटी लावावी, आणि चारांपेक्षा एकही व्यक्ती कमी असल्यास सदर रस्ता जागचा हलू नये अशी कायमस्वरूपी व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.