डिपार्चर टॅक्स : हात लावू नये

जयमालाला गप्प बसवणं मला गेल्या चाळीस वर्षांत जमलेलं नाही. ते काम एका पाकिटाने केलं.

दोह्यात उतरून दोन दिवस झाले होते आणि ती माझ्याशी तीनच वाक्यं बोलत होती. "चहा झालाय", "गोळी घेतली का" आणि "गार्गी विचारतेय". बाकी सगळं बोलणं लेकीशी, जावयाशी, अगदी अल सद्दच्या त्यांच्या बिल्डिंगखालच्या दुकानातल्या जहूरशीसुद्धा. त्या जहूरला तिने कॅरिबियन समुद्राचा रंग पंधरा मिनिटं हिंदीतून सांगितला. मी शेजारी कोथिंबिरीची जुडी धरून उभा होतो.

आता पाकिटाचं सांगतो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेक गार्गी आणि जावई देवव्रत यांनी आम्हाला कॅरिबियनच्या क्रूझवर पाठवलं. जहाज दहा दिवस बेटं दाखवणार, शेवटच्या बेटावर सोडणार. तिथून विमानाने मायामी, मग दोहा, चार दिवस लेकीकडे आणि मग घर. निघायच्या आधी नाशिकला सकाळच्या कट्ट्यावर एकाने बजावलं, "वसंतराव, त्या बेटांवरून विमानाने निघताना डिपार्चर टॅक्स घेतात. रोख. कार्ड चालत नाही. नसले पैसे, तर बसा तिथेच नारळ मोजत." मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत काढलेला माणूस. दीडशे डॉलरच्या कोऱ्या नोटा पाकिटात घातल्या आणि वर लाल पेनाने लिहिलं, 'डिपार्चर टॅक्स. हात लावू नये.'

आठव्या दिवशी एका बेटावर जयमालाला ती पाटी दिसली. डोक्यावर मोठं काचेचं हेल्मेट घालायचं आणि समुद्राच्या तळावर चक्क चालायचं. पोहता यायची गरज नाही. माणशी सत्तर डॉलर, जोडीनेच जायचं. जयमाला सिन्नरची. लहानपणी तिने पाणी पाहिलं ते विहिरीच्या तळाला. ती पाटीसमोरून हलेना.

"अहो, मासे आपल्या अवतीभवती फिरतात म्हणे. पाकिटातले पैसे घेऊ या का?"

"ते टॅक्सचे आहेत," मी म्हणालो. "बेटावर अडकून बसायचंय का?"

तिने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नारळपाणी प्यायला गेली.

दोन दिवसांनी विमानतळावरच्या मुलीने हसून पाकीट माझ्याकडे परत सरकवलं. टॅक्स तिकिटाच्या पैशांतच धरलेला होता. मी कपाळाला हात लावून जमेल तेवढं आश्चर्य दाखवलं. जयमाला म्हणाली, "म्हणजे मी जाऊन आले असते." त्यानंतर बोलणं खलास.

इथवर ऐकून तुम्ही मला चिकट म्हणाल. म्हणा. खरी गोष्ट त्याहून वाईट आहे. टॅक्स तिकिटातच आहे हे मला त्या पाटीच्या आदल्या दिवशीच कळलं होतं. दुपारी जहाजावरच्या खोलीत वेळ जाईना, म्हणून तिकीट वाचत बसलो होतो. लाल पेन हातात असल्याशिवाय मला कुठलाही कागद वाचता येत नाही. टॅक्सची ओळ सापडली, तिच्याखाली रेघ मारली, शेजारी तारीखही टाकली. नोकरीची सवय, दुसरं काय.

तरी मी खोटं बोललो, कारण मला पाण्याची भीती वाटते. गोदावरीकाठी वाढलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं? जन्मभर मी एकच युक्ती केली. मंडळी पाण्यात उतरायला लागली की म्हणायचं, "तुम्ही व्हा पुढे, मी कपडे सांभाळतो." रामकुंड झालं, हरिहरेश्वर झालं, गोवा झालं. देवळाबाहेरच्या चप्पल-स्टँडवाल्याने राखल्या नसतील एवढ्या चपला मी राखल्या.

गुरुवारी सकाळी मी तिला दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफला नेलं. केशर दाखवलं, अत्तर दाखवलं, एक शाल तर तिच्या खांद्यावर टाकूनसुद्धा पाहिली. तिने दुकानदाराला "शुक्रन" म्हटलं, शाल घडी करून परत दिली आणि पुढे चालू लागली.

संध्याकाळी गार्गीने बॉम्ब टाकला. "बाबा, परवाची फ्लाइट आहे. तुमची तिकिटाची फाइल द्या, मी वेब चेक-इन करून टाकते."

"एअरपोर्टवर करू की," मी म्हणालो.

"बाबा, खिडकीच्या सीट जातील. आईला खिडकी हवीये."

"गार्गी," जयमाला माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांना सांग, फाइल त्यांच्या उशीखाली आहे."

उद्या देतो असं सांगून मी सुटलो. ते लाल रेघेचं पान फाडून टाकावं असंही एकदा मनात आलं. पण सरकारी माणसाच्या हातून कागद फाटत नाही.

शुक्रवारी सुट्टी. देवव्रत सकाळीच किल्ली वाजवत आला. "यल्ला! आई, चला. नॉर्थला, शमालला जाऊ. समुद्र एकदम उथळ आहे, अर्धा किलोमीटर आत गेलात तरी गुडघ्याएवढाच." मीही निघालो. फाइल घरी ठेवायची हिंमत नव्हती, म्हणून ती पिशवीत घेतली.

मदिनत अश शमाल दोह्यापासून गाडीने तासाभरावर. गावाच्या पुढे किनारा मोकळाच होता. गार्गी आणि देवव्रत पाण्यात शिरले. जयमालाने सलवार दुमडली. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तुम्ही व्हा पुढे, मी चपला सांभाळतो."

किनाऱ्यावर नजर पोचेल तिथवर एक माणूस नव्हता. मी तीन जोड चपलांशेजारी बसलो. लेक-जावई बरेच पुढे गेले. जयमाला मागे एकटीच होती, कमरेत वाकून पाण्यात बघत. काहीतरी दिसलं असावं, कारण तिने चटकन मान वर केली, कुणालातरी सांगायला. जवळ कुणी नव्हतं. तिने पुन्हा मान खाली घातली. मला स्वतःची लाज वाटली. इतकी, की मी उठून उभा राहिलो.

"जयमाला, जरा ये इकडे."

ती ओल्या पायांनी आली. मी फाइल उघडून ते पान पुढे केलं.

"चष्मा गाडीत आहे," ती म्हणाली. "वाचून दाखवा."

मग मला वाचावं लागलं. "डिपार्चर टॅक्स, तिकिटात समाविष्ट. खाली लाल रेघ आहे."

"कुणाची?"

"माझी."

"कधीची?"

"ती पाटी दिसली, त्याच्या आदल्या दिवशीची." आता थांबण्यात अर्थ नव्हता. "जयमाला, मला पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून."

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच महिन्यात रामकुंडावर कळलं. सोळा माणसं ओली आणि एकटा नवरा कोरडा. भीतीचा कुठे राग आलाय मला? वाटते म्हणाला असतात, तर मी जहाजावरच्या त्या नागपूरच्या पूर्णिमाबाईंबरोबर गेले असते. त्याही जोडी शोधत होत्या. त्यांचे यजमान बॅगा सांभाळत बसले होते."

एवढी वाक्यं सलग ऐकून मला भरून आलं. "चुकलं माझं," मी म्हणालो.

"हे लाल पेनाने लिहून द्या कुठेतरी. पाकीट कुठाय?"

मी खिशातून काढून दिलं. तिने ते वाळूत ठेवलं, वर देवव्रतची चप्पल ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. "चला."

"अगं, दीडशे डॉलर आहेत. कुणी उचललं तर?"

"कोण उचलतंय? वर लिहिलंय की, हात लावू नये."

मी बूट काढले, पँट दुमडली. पाणी कोमट होतं. पोटऱ्यांपर्यंत आलं तेव्हा मी डोळे घट्ट मिटून तिचा हात आवळला.

"हळू, बांगडी रुततेय," जयमाला म्हणाली. "आणि डोळे उघडा. तुमच्या पायाशी मासा आहे."