थोरल्याचं ‘हं’

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलेल्याला अर्धंच ऐकू येतं, आणि आजची कथा आहे ती अर्ध्या ऐकण्याचीच. मी ती पुरी सांगतो, तुम्ही पुरी ऐका.

दोन भाऊ होते. वडिलांच्या मागे काचेचं दुकान दोघं मिळून चालवायचे. थोरला काच कापण्यात तरबेज, धाकट्याचा हात उचलण्यात बसलेला. मोठी काच दोघांनी दोन टोकांना धरायची आणि भिंतीलगतच्या लाकडी चौकटीत नेऊन उभी करायची. मागच्याला पुढचं टोक खाचेत बसलं की नाही ते दिसत नाही, म्हणून तो विचारतो, “सोडू?” पुढचा सांगेल तेव्हाच त्याने हात काढायचा. सगळा धंदा या एका शब्दावर उभा.

थोरला कष्टाळू, देवभोळा, मनाचा निर्मळ. पण कुणी काहीही बोललं की म्हणायचा, “हं.” हो म्हणजे हं, बघू म्हणजे हं, ऐकतोय म्हणजे हं, आणि ऐकत नाहीये म्हणजेही हंच. बायको म्हणायची, “लग्न तुमच्याशी लागलं, संसार मात्र या हंशी चाललाय.” एकदा तिने मुद्दाम नेहमीच्याच आवाजात सांगितलं, “अहो, मोरीत वाघ आलाय.” थोरला “हं” म्हणाला आणि चहासाठी कप पुढे केला. घरात हसू झालं. सवय हसण्यावारी गेली की मुरते, बाबांनो.

एका सकाळी दोघं भाऊ आरशाची मोठी काच उचलून नेत होते. थोरल्याने खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून धरलेला. पलीकडून गिऱ्हाईक बोलत होतं. मागून धाकट्याने विचारलं, “सोडू?”

थोरला म्हणाला, “हं.”

ते हं गिऱ्हाइकाला होतं. धाकट्याने हात काढला. काच खाचेत बसलीच नव्हती. ती कलली, आणि सावरायला धाकट्याचा हात आपोआप पुढे गेला.

काचेच्या धारेने तळहात खोल चिरला. जखम भरली, पण उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा मिटली नाहीत. धाकटा दुकानात यायचा बंद झाला. थोरला तीनदा त्याच्या दारी गेला, “चुकलं माझं” म्हणाला. धाकटा फक्त एवढंच म्हणे, “बरं, दादा.” त्या ‘बरं’मध्ये दार बंद झाल्याचा आवाज होता. पाठचा भाऊ असा परका होऊ लागला.

एका संध्याकाळी देवापुढे बसून तो नाम घेत होता. मध्येच थांबला. बायकोने विचारलं, “काय झालं?”

“देवाचं नाव घेताना मी कधी नुसतं हं म्हणालोय का गं? अक्षरं पुरी म्हणतो. मग माणसालाच अर्धं का देतो मी?”

ती जवळ बसली. “आता कळलं ना? मग भावजींकडे चुकलं म्हणायला जाऊ नका. ऐकायला जा. पण आधी घरात शिका. मी बोलले की हातातलं खाली ठेवायचं, माझ्याकडे बघायचं, आणि मी काय म्हणाले ते मलाच परत सांगायचं.”

“हं,” थोरला म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

जुनी सवय ती, घरजावयासारखी ठाण मांडून बसलेली. सहज थोडीच उठणार? तो विसरायचा, पुन्हा धरायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, “चार काचा, धार घासून.” हा म्हणायचा, “चार काचा, धार घासून.” लोकांना वाटलं, बिचाऱ्याला कमी ऐकू यायला लागलं. वाटू दे, म्हणाला तो. पण तसं परत म्हणताना एकदा त्याच्या लक्षात आलं की आजवर अर्ध्या गोष्टी तो आपल्या मनानेच भरत होता.

मग तो धाकट्याकडे गेला. फोन घरी ठेवला. समोर बसून म्हणाला, “तुला जे सांगायचंय ते सांग. मी मध्ये बोलणार नाही.”

धाकट्याने आधी त्याच्या हातात फोन नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, “हाताचं काही नाही, दादा. हात कुणाचाही जातो. मागच्या वर्षी आपण अशीच एक काच नेत होतो. मी तुला सांगितलं, डॉक्टर म्हणालेत की आम्हाला मूल होणार नाही. तुझ्याशिवाय कुणाला सांगणार होतो? तू हं म्हणालास. आणि मग म्हणालास, डावीकडे घे.”

थोरल्याला ते आठवेना. हेच जास्त भयंकर होतं. माफी मागायला तोंड उघडलं, पण माफी मागणं म्हणजे पुन्हा स्वतःचंच सांगणं. त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि एकेक शब्द उचलला, काचेसारखा. “डॉक्टरांनी सांगितलं की तुम्हाला मूल होणार नाही. तू ते मला सांगितलंस. आणि मी ऐकलं नाही.”

“नाही ऐकलंस,” धाकटा म्हणाला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला. थोरला नुसता ऐकत बसला, ते रडणंसुद्धा.

काही दिवसांनी धाकटा दुकानात आला. “छोटीच उचलू,” म्हणाला. मिटतील ती बोटं मिटून त्याने मागचं टोक धरलं. चौकटीपाशी आल्यावर त्याने विचारलं.

“सोडू?”

“थांब.”

धाकटा थांबला. श्वास रोखून.

“बसली. सोड.”

त्याने सोडली. काच उभी राहिली.

एवढंच सांगायचं होतं. थोरल्याला विसरलात तरी चालेल, ऐकायला शिकणारे पुष्कळ भेटतील. पण हात जोडून मागतो, त्या धाकट्याची आठवण ठेवा. ज्याच्या तळहातावर पहिल्या उत्तराचा व्रण आहे, त्याने त्याच माणसाला पुन्हा विचारायचं, हे सोपं नसतं.