दगडावर ठेवलेला पैंजण

मी चांदीचा एक जुना पैंजण. माझा जोडीदारही आहे, पण त्याचे घुंगरू केव्हाच मुके झाले, म्हणून बोलण्याचं काम माझ्याकडे आलं. मित्रांनो, कौतुकाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर देव्हाऱ्यातल्या समईकडे जा. मी पहाऱ्यावर होतो.

१९८० साली मी उल्हासनगरच्या बाजारात जन्मलो. त्या बाजारात तेव्हा जपानी घड्याळापासून विलायती साबणापर्यंत सगळं जागच्या जागी तयार व्हायचं. मी मात्र चांदी म्हणून विकला गेलो आणि चांदीच निघालो. बदलापूर गावातल्या हरिचंद्रने मला आपल्या आठ वर्षांच्या लेकीसाठी, राहीसाठी घेतलं. ती गल्लीत धावली की शेजारची पुतळाबाई ओट्यावरून म्हणायची, "राहीचा पाय डोलं मिटून वलखीन गो मी."

पुढच्याच उन्हाळ्यात एका दुपारी राहीने आम्हा दोघांना पायांतून काढून नदीकाठच्या दगडावर ठेवलं. वाजलो असतो तर आईला कळलं असतं ना! मग ती पाण्यात उतरली. तिला पोहता येत नव्हतं. मी दगडावर राहिलो.

तिच्या आईने, काशीने, यातून एकच अर्थ काढला: पैंजण पायात असते तर पोर वाचली असती. यावर पैंजणाचं मत कुणी विचारलं नाही.

हरिचंद्र आणि काशी अंबरनाथच्या चाळीत राहायला गेले. दोन वर्षांनी दुसरी मुलगी झाली, नवसी. राहीचं नाव घरात कुणी घ्यायचं नाही, असं ठरलं. नवसी चालायला लागली तशी काशीने आमच्या कड्या कमी केल्या, आम्हा दोघांना तिच्या पायांत घातलं आणि सोनाराकडून फासा डाक देऊन, म्हणजे वितळत्या धातूने सांधून, कायमचा बंद करून घेतला. पोर वाढली की सोनार कड्या जोडायचा आणि पुन्हा डाक द्यायचा. शाळेने हरकत घेतली. काशी म्हणाली, "नवस आहे." नवस म्हटल्यावर आपल्याकडे मुख्याध्यापकसुद्धा खुर्चीत मागे सरकतात.

मग मी इमानेइतबारे वाजलो. नवसी दारापर्यंत गेली, वाजलो. पाण्याच्या पिंपाजवळ गेली, वाजलो. वाजायचं थांबलो, तरी काशी ओरडायची, "नवसे, गप का झालीस?" सहल नाही, जिना नाही, मैत्रिणीचं घर नाही. चाळीतली पोरं चिडवायची, "ए हटो हटो, नवसीची बैलगाडी आली!" तीही खिडकीतून उत्तर द्यायची, "बैल खाली उभे आहेत, मी वर आहे." पोरीची जीभ मोकळी होती. तिला डाक देता येत नाही.

अंबरनाथहून बदलापूर एकच स्टेशन. ते अंतर कापायला काशीला चौदा वर्षं लागली. १९९५ साली दिराच्या मुलाची हळद होती, जाणं टळेना. तिने आधी निरोप धाडून सगळ्या भावकीची तोंडं बंद केली. एक गोष्ट राहिली. माझं तोंड.

मांडवात गडबड होती. बारा वर्षांची नवसी आयुष्यात पहिल्यांदा एकटी गल्लीत गेली. ओट्यावर पुतळाबाई बसली होती. मध्यंतरी तिची नजर गेली होती, कान शाबूत होते.

"राहे, आयलीस गो? कवा धरशी वाट बगतंय तुजी. आय तुला नदीव शोदतंय."

"मी नवसी आहे. राही कोण?"

म्हातारीने हात पुढे करून मला चाचपलं. नवसीने वाकून माझ्याकडे पाहिलं. सांगतो मित्रांनो, त्या दिवशी मी मुद्दाम वाजलो होतो की नाही, हे मला विचारू नका. विचारलंत तर होय म्हणेन.

ती तडक मांडवात आली. हळद वाटणाऱ्या बायकांसमोरच तिने विचारलं, "आई, राही कोण होती?"

काशीच्या हातातलं ताट तिरकं झालं. "तुझी बहीण. नदीत गेली. तिला पोहता येत नव्हतं."

"मग मला येतं?"

काशीने ताट खाली ठेवलं.

"मलाही येत नाही आई. तू शिकवलंस काय, तर वाजायला."

तिने मांडववाल्याची पक्कड उचलली आणि आम्हा दोघांना कापून आईच्या ओंजळीत टाकलं. चौदा वर्षं नदीकडे पाठ करून बसलेला हरिचंद्र उठला. गावातला नावाजलेला पोहणारा होता तो. एवढंच म्हणाला, "चल."

काशी मागून धावत आली. त्याच दगडावर डोळे घट्ट मिटून बसली. कमरेएवढ्या पाण्यात बाप लेकीच्या पोटाखाली हात धरून उभा होता. पोर पाणी गिळत होती, खोकत होती, पुन्हा पाय मारत होती. काशीने मला मुठीत घेऊन जोरजोराने हलवलं. सवय, दुसरं काय!

"आई, वाजवू नको!" पाण्यातून नवसी ओरडली. "डोळे उघड. समोरच आहे मी."

काशीने डोळे उघडले. मला दगडावर ठेवलं. मी तिथेच होतो, पूर्वीसारखा. फक्त या खेपेला पोर बापाचा हात सोडून दोन हात पुढे गेली आणि परत आली.

मित्रांनो, मला चिंचेने घासा, कापसात गुंडाळा, हवं तर लग्नात मिरवा. पण पोराला सांभाळायचं काम माझ्यावर सोपवू नका. ते मला जमत नाही. मी दगडावर बसून पाहिलंय. पोरं जपायचीच असतील तर खरं सांगा आणि पोहायला शिकवा. एवढं करून परत कुणी मला डाक देऊन एखाद्या पायात अडकवलंच, तर लक्षात ठेवा, मी चुगली करणार. तुमच्या पोराची नाही. तुमची.